तीन आणि चारच्या मध्ये

हातोडी दिवसभर ड्रममध्ये चादरी कोंबायची आणि संध्याकाळी ड्रमवर काठ्या हाणायची. हा विनोद टकल्याचा. टकल्या म्हणजे बँडमधला बेस गिटारवाला, आणि हातोडी हे त्याच बँडच्या ड्रमवालीचं नाव. टकल्याचं पंचविशीतच डोकं साफ झालं, मग तिथे विनोद तेवढे उगवत राहिले. पण विनोद काही खोटा नव्हता. हॉस्पिटलच्या धुलाई विभागात हातोडीची नोकरी, आणि तिथल्या मशिनचा ड्रम एवढा अवाढव्य की आत संसार मांडावा. बोटांना ब्लीचचा वास कायमचा चिकटलेला. मशीन फिरायला लागलं की तिच्या टाचा आपोआप ठेका धरायच्या आणि मुकादम बाई ओरडायच्या, "अगं, चादरी काढ, नाच नको!"

बँड तिघांचा. गाणारा आणि गिटार वाजवणारा दादा, हातोडीचा सख्खा भाऊ. त्याच्या बाजूला टकल्या. आणि मागे ड्रमवर ही. सराव टायरच्या दुकानामागच्या खोलीत. भिंतींना छतापर्यंत टायर रचलेले, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे आणि रबराचा वास केसांतून निघत नसे. कुठे कुठे वाजवलं नाही त्यांनी! हॉटेलात वाजवलं, तिथे लोक जेवता जेवता "जरा हळू" म्हणायचे. बुटांच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाजवलं. एकदा तर जादूगाराला उशीर झाला म्हणून त्याच्या जागी उभं केलं, आणि पोरं शेवटपर्यंत विचारत राहिली, ससा कधी काढणार?

बँडचं नाव 'उचल'. ऐकणाऱ्याला वाटायचं, पतसंस्था असावी. पण त्या नावामागे होते बाबा.

बाबा सामान हलवायचं काम करायचे. कपाटं, फ्रीज, लोखंडी पलंग, सगळं अरुंद जिन्यांवरून खाली. चौघांनी चार कोपरे धरले की बाबा मोजायचे, "एक, दोन, तीन..." आणि इथे थांबायचे. अगदी किंचित. तेवढ्यात तिघांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवायचे, पकड बसली का बघायचे आणि मग म्हणायचे, "चार, उचल!" तीनला धरायचं, चारला उचलायचं आणि मध्ये एकमेकांकडे बघायचं, एवढंच ते शिकवायचे. हातोडी लहानपणी जिन्याच्या कठड्याला लटकून हे ऐकायची आणि कठड्यावर बोटांनी वाजवायची.

एक दिवस एक माणूस आला नाही म्हणून बाबांनी दादाला नेलं. दादाने तीनलाच उचललं. घाई, दुसरं काय! कपाट कललं आणि खालच्या बाजूला उभ्या असलेल्या बाबांच्या पायावर आलं. बाबा पुढे मरेपर्यंत लंगडले. कोणी विचारलं तर सांगायचे, "माझाच पाय घसरला." घरात त्या दिवसाचं नाव कोणी काढलं नाही, आणि दादाने तर कधीच नाही.

तर हातोडी मोजायची ती बाबांसारखी. काठ्या एकमेकींवर आपटत, मोठ्याने एक, दोन, तीन, आणि मग तो श्वास. त्या श्वासात दादाला मागे वळावंच लागायचं, कारण चार कधी पडणार हे तिच्या खांद्यावरूनच कळायचं. तो वळायचा, टकल्याही वळायचा, तिघांची नजरानजर व्हायची आणि गाणं एकदम जमिनीतून उठायचं. तिचं सगळं वाजवणंच तसं होतं, दर फेरीला कणभर मागे रेलणारं. हॉटेलातले लोकसुद्धा त्या क्षणी घास हातात धरून बघायचे. हातोडीला आयुष्यात दुसरं काही नको होतं. गाणी दादाची, शब्द दादाचे, टाळ्याही दादाच्या. पण त्या एका क्षणी दादा तिच्याकडे बघितल्याशिवाय पुढे जाऊ शकत नव्हता, आणि तिला तेवढं पुरे होतं.

एवढी वर्षं रखडल्यावर पहिलं गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं. तळघरातली खोली, भिंतींना जाड गालिचे, आणि रेकॉर्डिंगवाला म्हणजे अगदी गोड माणूस. इतका गोड की तेव्हाच संशय यायला हवा होता. हातोडी जीव तोडून वाजवत होती आणि तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभ्या रेघा दाखवत होता.

"ताई, हे बघा. तीननंतर तुम्ही अडखळता. ठोका रेघेवर पडत नाही."

"रेघेवर नसतोच तो," हातोडी म्हणाली. "जरा थांबून असतो."

"हो का?" तो हसला. "छान, छान." आणि त्याने दादाकडे पाहिलं. दादा आपल्या बुटांच्या नाड्या बघत बसला होता. नाड्यांत काय एवढं बघण्यासारखं होतं, देव जाणे.

त्यानंतर दादाला विचारलं की एकच उत्तर, "काम चाललंय." ताकास तूर लागू देईना. शेवटी एका रविवारी गाणं आलं. दादाने सकाळीच सांगितलं, "आलंय बघ," आणि चप्पल अडकवून बाहेर सटकला. आईने फोन रिकाम्या पातेल्यात उभा केला, म्हणजे आवाज मोठा येतो म्हणून, आणि दोघी स्वयंपाकघरातच खाली बसल्या.

सुरुवातीलाच हातोडीचा आवाज आला. एक, दोन, तीन, चार. आईने तोंडाला पदर लावला. "अगं, अगदी ह्यांच्यासारखं गं पोरी! अगदी तेच!"

मग ड्रम सुरू झाले. ते ड्रम तिचे नव्हते. स्वच्छ, टणक, इस्त्री केलेले ठोके, एकही इकडचा तिकडे नाही. मशिनचे होते. तिने घाम गाळून वाजवलेलं सगळं काढून टाकलं होतं आणि ठेवला होता फक्त मोजायचा आवाज.

"किती छान वाजवलंस!" आई डोळे पुसत म्हणाली. "उगाच नाही एवढी वर्षं खटपट केलीस."

काय सांगणार तिला? "हो," हातोडी म्हणाली आणि पातेलं घासायला घेतलं. ते गाणं तिने पुन्हा लावलं नाही. लोक मात्र लावत सुटले. इस्त्रीवाल्या बायका लावायच्या, मुकादम बाई लावायच्या, आणि आजवर जिला नाच नको म्हणायच्या तिच्या पाठीवर थाप मारायच्या, "कमाल आहे हं तुझी!" प्रत्येक थापेला हातोडीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी एका संध्याकाळी तिने टायरच्या खोलीत दादाला धरलं.

"माझे ड्रम कुठे आहेत?"

"अगं, तसं नाही..."

"कसं नाही? केसाने गळा कापलास माझा! विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?" दादाचा आवाज चढला. "त्याने दोन्ही ऐकवलं मला. तुझं आणि ते. ते बरं वाटत होतं. लोकांना आवडतंय ना? गाण्यावर नाव तुझंच आहे ना? मग दुखतंय कुठे?"

"नाव माझं आहे, तेच दुखतंय."

टकल्या टायरवर बसून तार पिळत होता. तार चांगली जुळलेली होती, तरी पिळत होता.

"सगळे असंच करतात, हातोडे," दादा जरा खाली येऊन म्हणाला. "किती दिवस आपण जादूगाराच्या जागी वाजवायचं? थोडं पुढे जायला नको?"

"जा की. पण तुला चारपर्यंत थांबता येत नाही. तेव्हाही आलं नाही."

बोलून गेली आणि खोलीतली हवाच गेली. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्या वर्षांत घरात जे कोणी तोंडातून काढलं नव्हतं, ते तिने काढलं होतं.

"तेव्हा मी लहान होतो," तो म्हणाला.

"म्हणूनच बाबांनी पाय घसरला म्हणून सांगितलं. मी नाही सांगणार."

मग दादा तिच्यापुढे उकिडवा बसला आणि लहानपणी खेळणं मोडल्यावर जसा लाडीगोडी लावायचा तसा बोलू लागला. मैदानावरच्या मोठ्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं होतं. एवढा कार्यक्रम कर. पुढचं गाणं तुझ्या हाताचं, शब्द देतो. हातोडी विरघळली. भाऊ होता शेवटी. आणि तिच्या मनात एक हिशोब होता: रेकॉर्डमध्ये करा काय हवं ते, मैदानात मी असेन आणि माझे हात. तिथे त्याला वळावंच लागेल. एकदा सगळ्यांना खरं कळू दे. एकदा दादाला कळू दे.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन अजून उतरलं नव्हतं. मैदानात एवढी माणसं त्यांनी कधी पाहिली नव्हती, आणि ती चक्क त्यांच्यासाठी आली होती. हातोडी पडद्यामागे काठ्या पुसत उभी होती. तळवे घामेजले होते, पण मन उडत होतं. इतक्यात रेकॉर्डिंगवाला आला. तोच गोड माणूस. आज आवाजाचं यंत्रही तोच सांभाळणार होता. त्याने तिच्या कानात बोंडाएवढं यंत्र बसवलं.

"ताई, यात टिकटिक येईल, त्यावर मोजा. आणि गाण्यातले ड्रम मी खालून चालू ठेवतो. फक्त आधाराला."

"कोणाला आधार?"

"सगळ्यांनाच," तो म्हणाला आणि निघून गेला.

हातोडीने दादाकडे पाहिलं. दादा आरशात केस सारखे करत होता. तेवढ्यात बाहेरून लोक ओरडायला लागले. गाण्याची सुरुवात पाठ झाली होती सगळ्यांना. "एकदोनतीनचार! एकदोनतीनचार!" एका दमात, गाडी पुलावरून जावी तसं.

"असं का म्हणतायत ते?" तिने टकल्याला विचारलं. "तीननंतर थांबत का नाहीत?"

टकल्याने टक्कल खाजवलं. "गाण्यात तसंच आहे ना. ती मधली जागा कापली त्याने. म्हणाला, तिथे गाणं बंद पडल्यासारखं वाटतं." मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "तुला माहीत नव्हतं?"

तिला माहीत नव्हतं. एकदाच ऐकलं होतं तिने, आणि ड्रमच्या धक्क्यात ते लक्षातच आलं नव्हतं. निदान मोजणं तरी माझं ठेवलं, एवढ्यावर ती इतके दिवस तग धरून होती. तेवढंही ठेवलं नव्हतं मेल्यांनी.

नाव पुकारलं. तिघं वर गेली. समोर माणसांचा समुद्र, दादाची पाठ, टकल्याचं चमकतं टक्कल. दादाने हात वर केला आणि मैदान गप्प झालं. हातोडीने कानातली टिकटिक उपटून गळ्यात सोडली. काठ्या उचलल्या.

"एक."

मैदान तिच्याबरोबर ओरडलं.

"दोन. तीन..."

आणि ती थांबली, बाबा थांबायचे तशी. काठ्या वर धरून तिने दादाच्या पाठीकडे पाहिलं. वळ. वळ ना रे. अख्खा जीव डोळ्यांत आणून ती बघत राहिली.

मैदानाने चार म्हटलं. भोंग्यांतून ते टणक ठोके कोसळले आणि दादाने तारांवर हात मारला. तीनलाच उचललं त्याने. मागे बघायची त्याला आता गरजच उरली नव्हती.

"चार," हातोडी म्हणाली. ते कोणालाही ऐकू गेलं नाही.

तिने काठ्या खाली आणल्या आणि मांडीवर ठेवल्या. गाणं चालू राहिलं. हजारो माणसं उड्या मारत होती, दादा जीव ओतून गात होता, आणि ड्रम धडाडत होते, एकही ठोका न चुकता. ती मध्ये बसून होती, दोन्ही हात मांडीवर, बसस्टॉपवर बसावं तशी. एकदा टकल्याची नजर तिच्याकडे गेली. त्याने पाहिलं, काठ्या पाहिल्या, आणि मूग गिळून तो पुन्हा लोकांकडे तोंड करून वाजवत राहिला.

गाणं संपलं. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. तेव्हा कुठे दादा मागे वळला. घामाने निथळलेला, डोळ्यांत पाणी, लहान पोरासारखा खूश. धावत ड्रमपाशी आला आणि त्याने टाळीसाठी हात पुढे केला.

"काय वाजवलंस गं आज, हातोडे! असंच वाजवत जा!"

तिने हात पुढे केला. वाजवल्यावर दरवेळी लाल होणारा तिचा तळवा आज थंडगार होता. दादाने त्यावर जोरात टाळी दिली आणि तो परत लोकांकडे धावला.