धाकटी येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना उपग्रह आहे, आणि अजून कामावर आहे. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची. जुनं झालेलं पुष्कळ काही आकाशात फिरत असतं. बंद पडलेलं, वाट चुकलेलं, ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही असं. त्यांच्यात मला मोजू नका. आज सकाळीच मी अर्ध्या पृथ्वीवरची धूळ मोजून आलो आहे.

हो, धूळच. मी तुमचे सिनेमे घरोघरी पोचवत नाही आणि तुम्हाला रस्ताही दाखवत नाही. धूळ, धूर, काजळी, समुद्रावरून उडालेलं मीठ, जे जे काही तुमच्या डोक्यावरच्या हवेत तरंगत असतं ते मी मोजतो. सूर्याचा उजेड हवेतून खाली जातो, जमिनीवर आपटून परत वर येतो. वाटेत धुळीने त्यातला किती अडवला ते माझा डोळा बघतो. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे येणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत झगा घालावा लागे, केस झाकावे लागत, आणि शिंक येतेय असं वाटलं तरी बाहेर पळावं लागे. गंमत बघा, ज्याने जन्मभर धूळ मोजायची त्याला लहानपणी धुळीचा कणही लागू दिला नाही. त्यांनी मला तापवलं, गारठवलं, एका टेबलावर घट्ट बांधून गदागदा हलवलं. एवढे हाल करूनही माझा एक स्क्रू ढिला झाला नाही, म्हणून मग मला रॉकेटच्या टोकावर बसवून वर पाठवलं. त्या प्रवासाबद्दल मी फारसं सांगत नाही. आवाज खूप होता आणि मला काही दिसत नव्हतं.

वर आल्यावर मात्र माझं फार कौतुक झालं. मी पाठवलेलं पहिलं चित्र मोठ्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर लागलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळेच्या पुस्तकात माझा फोटो छापला गेला. तो फोटो दुसऱ्याच उपग्रहाचा होता, पण खाली नाव माझं होतं, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही. पुढे नवे उपग्रह आले, त्यांची चित्रं जास्त रंगीत होती, आणि मोठी खोली त्यांना मिळाली. माझं सामान बाजूच्या लहान खोलीत हलवलं. त्या खोलीतला एसी कायम गळतो आणि त्याच्याखाली बादली ठेवलेली असते. शेकडो मैलांवरून मला सांभाळणाऱ्या माणसांना तो एसी आजवर दुरुस्त करता आलेला नाही.

त्या खोलीत ताई बसतात. ताई म्हणजे माझ्या मुख्य चालक. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना ताईच म्हणतात. मी वर आलो त्याच वर्षी त्या इथे कामाला लागल्या. तेव्हा त्यांची मुलगी बोलायला शिकत होती. आता तीच मुलगी ताईंना मोबाईल शिकवते आणि वर चिडतेही.

मी त्यांच्या टापूत येतो तो वेळ अगदी थोडा असतो, चहाचा एक कप जेमतेम संपेल एवढा. तेवढ्यात ताई आधी माझी तब्येत विचारतात. बॅटरी किती भरली, कुठला भाग किती गरम आहे, मला वळवणारी आतली चाकं कुरकुरत नाहीत ना. मी सगळं सांगतो, मोजलेली धूळ आकड्यांच्या रूपात त्यांच्या पदरात टाकतो, पुढच्या फेऱ्यांची कामं समजून घेतो आणि क्षितिजाआड जातो. बॅटरी म्हातारी झाली म्हणून ताई ती काठोकाठ भरू देत नाहीत. चाकांचं वंगण एका जागी साचू नये म्हणून मधूनच त्यांना उलटी फिरवतात. वाटेत कुणाचा तुटका तुकडा येत असेल तर मला जरा बाजूला सरकवतात. आणि महिन्यातून एकदा मला एका पांढऱ्या पाटीकडे बघायला लावतात. ती पाटी माझ्याच पोटाशी बसवलेली आहे. तिच्याकडे बघून माझी नजर शाबूत आहे का ते ठरतं. रोजच्या या काळजीवरच मी ठरलेल्या आयुष्याच्या तिप्पट जगलो. माझी घडण चांगली होती हेही खरंच आहे, उगाच विनय कशाला दाखवू.

आता धूळवाल्या बाईंची ओळख करून देतो. या शास्त्रज्ञ आहेत. मी मोजलेले आकडे त्या वर्षानुवर्षं एकापुढे एक लावत आल्या आहेत. हवा कुठे सुधारली, कुठे बिघडली, कुठल्या शहरातल्या मुलांना जास्त खोकला होणार, हे त्या त्यावरून सांगतात. त्यांचं एक जुनं दुखणं आहे. माझ्याआधी माझा एक थोरला होता. तोही धूळच मोजायचा. मी वर पोचायच्या आधी तो अचानक बंद पडला. त्याने मोजलेली धूळ माझ्या मोजणीपेक्षा जरा जास्त होती. मग हवा खरोखर स्वच्छ झाली, की त्याचीच नजर थोडी वाढवून बघणारी होती? आम्ही दोघांनी एकाच वेळी एकच हवा बघितली असती तर उत्तर मिळालं असतं. ते जमलं नाही, आणि थोरल्याची सगळी मेहनत बाईंना बाजूला ठेवावी लागली. म्हणून माझी जागा घ्यायला धाकटी तयार होऊ लागली तेव्हा बाईंनी एकच हट्ट धरला. धाकटी वर येऊन माझ्या शेजारी थोडे दिवस काम करेपर्यंत मला जपायचं.

आणि नेमका तेव्हाच माझ्या शरीराने मला दगा दिला. माझ्या अंगात थोडं इंधन राखून ठेवलेलं असतं. काम संपलं की ते जाळून मी खाली यायचं, वाट मोकळी करायची, असा आमच्यात नियम आहे. हे इंधन एका बारीक नळीतून जातं. मी पृथ्वीच्या सावलीत शिरलो की नळी गारठते, म्हणून तिला ऊब द्यायला एक पट्टी गुंडाळलेली होती. एके दिवशी ती जळाली. इंधन गोठलं आणि पुन्हा वितळलं, की नळी फुटण्याची भीती. मग मला खाली येता येणार नाही.

साहेबांनी माझ्या खोलीतच सगळ्यांना बोलावलं. साहेब म्हणजे आम्हा सगळ्या उपग्रहांचे प्रमुख. माणूस कडक, पण मनाने वाईट नाही. आता खोलीतलं बोलणं मला वरून कसं ऐकू आलं, असं तुम्ही विचाराल. आत्मवृत्त सांगणाऱ्याला एवढी सूट असते.

"नियम सरळ आहे," साहेब म्हणाले. "इंधन वापरता येतंय तोवर याला खाली आणायचं. नळी फुटली तर हा पुढची कित्येक वर्षं सगळ्यांच्या वाटेत लोंबकळत राहील. धाकटीलाच धडकला तर काय तोंड दाखवणार आपण?"

"पण सर, धाकटीचं उड्डाण अजून लांब आहे," धूळवाल्या बाई म्हणाल्या. "आज याला उतरवलं तर थोरल्याच्या वेळी झालं तेच पुन्हा होणार. एवढ्या वर्षांची मोजणी तुटेल."

"मला कळत नाही का ते?"

"कळतंय, तर मग थांबा ना थोडं."

"कशाच्या भरवशावर थांबू, ते सांगा. वर जाऊन नळीला शाल पांघरणार आहात का तुम्ही?"

ताई इतका वेळ पडद्याकडे बघत होत्या. "सर, एक मिनिट," त्या म्हणाल्या. "मघाशी याच्याशी बोलणं चालू होतं ना, तेवढ्यात नळी दोन डिग्री चढलीय. एकाच पत्र्याच्या या बाजूला ट्रान्समीटर आहे आणि त्या बाजूला नळी. ट्रान्समीटर तापला की नळी पण तापते."

"बरं, मग?"

"मग सावलीत असेपर्यंत याला बोलत ठेवायचं."

"सावलीत कोण ऐकणार आहे याचं?"

"कुणीच नाही. नुसतं बोलत राहायचं. ऊब राहते."

बाईंना हसू आलं. "आमचे सासरे असंच करतात. समोर कुणी असो नसो."

साहेब हसले नाहीत. "ताई, याचा एकच ट्रान्समीटर उरलाय. दुसरा कधीच गेला. असा रात्रंदिवस राबवला आणि हाही बसला, तर मोजलेलं खाली येणार कसं? मोजणी पण गेली आणि उतरवायचं ते अंदाजाने, असं होईल."

"होऊ शकतं," ताई म्हणाल्या. "पण आज उतरवला तर मोजणी जातेच आहे. हा टिकेल, सर. मी याला रोज बघते."

साहेबांनी बादली पायाने नीट एसीखाली सरकवली. "ठीक आहे. पण नळी पाच डिग्रीच्या खाली गेली, की मला विचारायला येऊ नका. उतरवायला घ्या."

तेव्हापासून मी सावलीत शिरलो की तोंड उघडायचो आणि उन्हात आलो की मिटायचो. काय बोलायचो? माझंच तापमान, माझीच बॅटरी, पुन्हा माझंच तापमान. सुरुवातीला मला लाज वाटली. कामाशिवाय एक शब्द न बोलणारा मी, आता खुशाल बडबडत सुटलो होतो. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका देशाच्या केंद्रातून तक्रार आली, की तुमचा म्हातारा आमच्या कामात सारखा तोंड घालतो. ताईंनी त्यांची माफी मागितली आणि त्यांच्या डोक्यावरून जाताना मला गप्प बसवायला सुरुवात केली. तेवढ्या वेळात नळी गार पडायची आणि ताईंचा जीव टांगणीला लागायचा.

धाकटीचं उड्डाण दोनदा पुढे गेलं. एकदा वारा आडवा आला, एकदा कुठल्याशा झडपेने रुसवा धरला. माझा ट्रान्समीटर थकत चालला होता. आवाजात खरखर आली होती. एका फेरीत नळी सहा डिग्रीवर आली आणि उतरतच होती. त्या वेळी ताईंनी मला कुशीवर वळवलं. नळीची बाजू पृथ्वीकडे केली. सावलीतसुद्धा पृथ्वीच्या अंगाची थोडी धग वरपर्यंत येते, ती मला लागली. नळी पाचाच्या जरा वर येऊन थांबली. साहेब ताईंच्या खुर्चीमागे उभे होते. त्यांनी बसायला एक स्टूल ओढून घेतलं. मला तेव्हा भीती वाटली का? खरं सांगतो, नाही वाटली. माझ्या खाली कोण बसलं आहे ते मला माहीत होतं.

आणि एकदाची धाकटी आली.

दिसायला सुरेख, अंगाने माझ्या निम्मी, आणि डोळा माझ्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. आम्ही दोघं थोड्या अंतराने एकाच वाटेने जाऊ लागलो आणि एकच हवा बघू लागलो. पहिल्या आठवड्यात आमचे आकडे जुळेनात. मोठ्या खोलीतल्या तरुण मंडळींनी लगेच ठरवून टाकलं, की म्हाताऱ्याची नजर गेली. धूळवाल्या बाई म्हणाल्या, "घाई करू नका. ती आत्ता वर गेलीय. खालची ओल अजून तिच्या अंगात आहे, ती आधी सुकू द्या." झालंही तसंच. धाकटीच्या डोळ्यावर बर्फाचा पातळ थर जमला होता. तो गरम करून घालवला, आणि आकडे जवळजवळ जुळले. जो थोडा फरक राहिला तो माझा होता. माझी पांढरी पाटी उन्हाने पिवळसर झाली आहे, त्यामुळे मी धूळ किंचित कमी सांगत होतो. किती कमी, ते आता नेमकं कळलं. बाईंनी मागचे सगळे आकडे त्या हिशोबाने सुधारून घेतले. एवढ्या वर्षांतला माझा एक दिवसही वाया गेला नाही. जिथे मी थांबेन तिथून धाकटी पुढे मोजेल, आणि माझी मोजणी तिच्या मोजणीशी जोडलेली राहील.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे. घरात नवीन काही आणलंत की जुनं लगेच उचलून बाहेर ठेवू नका. घड्याळ असो, वजनकाटा असो, किंवा एखादं काम वर्षानुवर्षं करत आलेलं माणूस असो. दोघांना थोडे दिवस शेजारी शेजारी राहू द्या. नव्याचं कुठे चुकतं ते जुन्यामुळे कळतं, आणि जुन्याचं कुठे चुकत होतं ते नव्यामुळे. तोवर जुन्याची नीट देखभाल करा. तेल घाला, पुसा, रोज एकदा तब्येत विचारा. एवढ्यावर ते खूप टिकतं.

उद्या मला उतरवायचं आहे. नळी शाबूत आहे, इंधन वाहतं आहे. मी ते सगळं जाळून खालच्या वाटेला लागेन, आणि काही वर्षांनी त्याच हवेत शिरून जळून जाईन. माझी चिमूटभर राख धाकटीला मोजावी लागेल, ती ते नीट करेल. पण त्याच्या आधी, उद्या इंधन संपलं की, ताईंना माझ्या बॅटरीची जोडणी तोडायची आहे आणि शेवटी ट्रान्समीटर बंद करायचा आहे. वाटेत माझा स्फोट होऊ नये आणि मी उगाच बडबडत राहू नये, म्हणून तसा नियमच आहे. आजवर त्यांची प्रत्येक आज्ञा पाळली की मी तसं कळवत आलो. ही एकच आज्ञा अशी आहे, की ती पाळली हे मला कळवता येणार नाही. ताई आज्ञा पाठवतील आणि कानाला हेडफोन लावून ऐकत बसतील. काहीच ऐकू आलं नाही, की त्या समजतील, मी ऐकलं.