रखमाबाईची शिकवणी

बावन्न सालच्या दिवाळीनंतर बदलापूर गावात रखमाबाई विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि कमरेतून निकामी झाली. सत्तरी ओलांडलेली सुईण ती. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. कल्याणच्या डॉक्टरानं सांगितलं, रोज तेलानं चोळा, गरम पाण्यानं आंघोळ घाला.

सून बनूबाई पाणी तापवून आली, तर म्हातारी खवळली.

"अख्ख्या गावाला मी न्हाऊ घातलं. आता गाव मला न्हाऊ घालणार? त्यापेक्षा तिरडी बांधा!"

बारा दिवस गेले. घरात असा वास मारू लागला की मुलगा महिपती अंबरनाथच्या कारखान्यातून आला की ओट्यावरच जेवायचा. शेवटी बनूबाईनं चिखलोलीच्या कौसाबाईला गाठलं. तीही सुईण, पंचवीस वर्षं मुरलेली. दोघींनी मसलत केली.

कौसाबाई आली ती पायाच पडली. "मावशी, बाळंतिणीला तेल लावताना माझा हात चुकतो. शिकवा."

"चुकतोच तुझा!" रखमाबाई खुलली. "पण शिकवू कुणावर? बाळंतीण कुठाय?"

"गावात आत्ता कुणीच नाही."

म्हातारीनं विचार केला. "मग मलाच समज बाळंतीण."

ती अंग टाकून पडली. मग म्हणाली, शेक पाहिजे, धुरी पाहिजे, डिंकाचा लाडू पाहिजे. बनूबाईनं सगळं केलं. "आणि बाळ?" म्हातारीनं विचारलं. तेही हवंच होतं. परसातला भोपळा आणला, त्याला टोपडं चढवलं. कौसाबाई आधी म्हातारीला न्हाऊ घालायची, मग भोपळ्याला.

"मान धर त्याची!" रखमाबाई ओरडायची.

कौसाबाई रोज मुद्दाम काहीतरी विसरायची. शिकून झालं तर आंघोळ बंद, हे तिला ठाऊक होतं. पण रखमाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, "कौसा कच्ची आहे हो." महिन्याभरात चिखलोलीतल्या दोन घरांनी बाळंतपणाला दुसरीच बाई बोलावली.

हे कळलं त्या दिवशी कौसाबाई आली ती ओठ आवळून. टाचेपासून मानेपर्यंत असं तेल जिरवलं, असं बेताचं पाणी घातलं, की रखमाबाईचे डोळे मिटले. चूक काढायला जागाच राहिली नाही.

म्हातारी म्हणाली, "शिकलीस."

कौसाबाईचा राग ओसरला, आता आंघोळ बंद पडणार हे ध्यानात आलं. "नाय मावशी, अजून कुठं..."

"शिकलीस म्हटलं ना! चिखलोलीत मी स्वतः निरोप धाडते." मग दाराशी उभ्या सुनेकडे न बघता ती म्हणाली, "उद्यापास्नं हिला शिकायला बसवते. हिचा हात फार जड. दोन-चार वर्षं जातील."

"चार तरी जातीलच, आत्याबाई," बनूबाई म्हणाली.

"दिसतंय ते. आता आधी माझं डोकं पूस. ओलं राह्यलंय."