अज्ञान भिकुबाई

“आठवड्यात तिसऱ्यांदा आली ही बाई,” तलाठी दप्तरात तोंड घालून पुटपुटला. भिकुबाई हातभर अंतरावर बसली होती आणि तिचे कान चांगले शाबूत होते.

“चौथी खेप, भाऊसाहेब. सोमवारले तुम्ही नव्हतात.”

बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. पाठीवर भाऊ नाही. गोमाईकाठचं वावर तिच्या नावावर चढलं आणि नावापुढे लागलं ‘अज्ञान’. पालनकर्ता, चुलता चुडामण. आता ती विधवा होऊन माहेरी आलेली, नातवाची आजी. वावर तिला स्वतः पेरायचं होतं, पण तो शब्द काही हलत नव्हता.

“अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे हो,” तलाठी वैतागून म्हणाला. “अठराच्या आतल्या माणसाला बरंवाईट कळत नाही, म्हणून सरकार अज्ञान म्हणतं. अठरा सरली की सज्ञान.”

“माले अकरावा वरीसले सासरे धाडं. तव्हय कळे का माले?”

“तेव्हाही अज्ञानच.”

“मंग चार बाळंतपनं कोनी करात?”

तलाठ्याने टाक खाली ठेवला. “वयाचा पुरावा द्या.”

“मन्हा तोंडकडे दखा.”

“तोंड दप्तराला जोडता येत नाही, बाई. पालनकर्त्याला आणा, एक साक्षीदार आणा.”

पुतणी सज्ञान झाल्याचं कळवायला चुडामण विसरला असेल, असं गावात सगळेच म्हणत. त्यापुढे कोणी जात नसे. माणूस वाईट नव्हता. दर दिवाळीला पुतणीला लुगडं घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी भिकुबाईने चुलता-चुलतीला चावडीत आणून बसवलं.

“पोर शे हाई, भाऊसाहेब,” चुडामण म्हणाला. “हिले औतफाट्यानं काय समजस? पुढला साल दखू.”

“बत्तीस वरीसथून पुढला साल चाली ऱ्हायना, काका,” भिकुबाई म्हणाली.

तलाठ्याने दाराआड बसलेल्या चुलतीला, नर्मदाबाईला विचारलं, “हिचा जन्म कधीचा?”

“छप्पनना दुष्काळना. मन्हाच हातमा पडनी ती.”

तलाठ्याने बोटांवर मोजलं: संवत छप्पन म्हणजे इसवी १९००, आता चालू १९३८. “अडतीस. अहो चुडामणभाऊ, वीस वर्षांत एकदा तरी सांगायचं.”

चुडामणने पागोटं काढून मांडीवर घेतलं. “ध्यानमा नही ऱ्हायनं.”

नर्मदाबाईने डोक्यावरचा पदर थोडा मागे सारला.

“ध्यानमा व्हतं,” ती नवऱ्याला म्हणाली. “ती मोठी व्हयनी ते वावर सोडनं पडी, म्हनीसन आपन तिले लहान ठेवं.”