बाबांच्या हुकमाचे संगणक

रुग्णालयाच्या पॅसेजमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. भूत उतरवायला बोलावलेल्या बाबांनी काठी उगारली, डोळे पांढरे केले आणि ते ओरडले, "जा!"

नोंदणी, औषधं, रक्तपेढी... सगळीकडच्या संगणकांचे पडदे काळे पडले.

"तुमचे वारलेले मोठे डॉक्टर तारांतून फिरतायत," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "अपडेट म्हणजे त्यांना उघडलेलं दार! अपडेट घ्याल तर मराल!"

मग पुटपुटणं सुरू झालं. पडदे उजळेपर्यंत ते बरोब्बर पुरलं. लोकांनी हात जोडले.

रक्तपेढीतल्या डॉक्टरबाईंना हात जोडायला फुरसत नव्हती. बाळंतपणात रक्त वाहून गेलेल्या मुलीसाठी रक्त जुळवायचं होतं आणि पडदा ऐन वेळी मेला होता. त्यांनी सगळं हातानं तपासून रक्त धाडलं. मुलगी वाचली. पण पुढच्या वेळी उशीर झाला तर?

त्या तडक संगणक सांभाळणाऱ्याच्या खोलीत गेल्या. "अपडेट किती दिवस बंद ठेवणार?"

"बाई, मामा म्हणालेत, आत्मा शांत होईपर्यंत..."

"मामा?"

त्यानं जीभ चावली. "म्हणजे... बाबा."

बाईंचा धाकटा भाऊ एका कारखान्यात हेच काम करायचा. त्यानं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मुख्य संगणकावरून सगळ्यांना एकदम हुकूम देता येतो, बंद होऊन परत सुरू व्हा म्हणून. अपडेटनंतर तसं करावंच लागतं. त्या वेळी बाबांचा हा भाचा कुठे बसतो, तेवढं बघ."

पुढच्या दर्शनाला बाईंनी अधीक्षकांना विश्वासात घेतलं. भाच्याला पॅसेजमध्ये बोलावलं आणि मुख्य संगणक असलेल्या त्याच्या खोलीला कुलूप घातलं.

"जा!" बाबा गरजले. पडदे लख्ख. "जा रे!" पडदे लख्खच.

"आत्मा रजेवर गेला वाटतं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

बाबांची नजर भाच्याकडे वळली आणि तो रडायलाच लागला. "मी अपडेट न तपासता एकदम सगळीकडे सोडलं होतं. निम्मे संगणक कोसळले. नोकरी जाईल म्हणून दोष भुतावर ढकलायला मामांना आणलं."

लोक हसले. बाईंचा भाऊ मात्र हसला नाही. अधीक्षकांनी त्याला तपासायला बोलावलं होतं. त्यानं संगणक उघडून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, अपडेट बंद होती तेवढ्या काळात बाहेरचं कुणीतरी आत शिरलंय. रोग्यांच्या नोंदी वाचल्यात. अजून आत आहे की गेलं, सांगता येत नाही."

पॅसेजमधलं हसू विरलं. आपला आजार कुठल्या अनोळखी माणसाला ठाऊक झालाय, हे प्रत्येकजण मनाशी चाचपू लागला.

डॉक्टरबाई पुढे आल्या. "अपडेट म्हणजे भिंतीची भोकं बुजवणं. आधी एका संगणकावर तपासायचं, मग टप्प्याटप्प्यानं सगळीकडे. ते चुकलं तर चूक शोधायची, भूत नाही. तारांतून आत्मा फिरत नाही, हुकूम फिरतो. तेव्हा घाबरण्याआधी एवढंच विचारा: हुकूम देणारा कोण?"