मांजराची बशी

सँडलचा पट्टा शेवटच्या भोकातही बसेना, तेव्हा एवान्थियाने तो नाद सोडला आणि अनवाणीच जिन्यात आली. ऑगस्टचा उकाडा होता, पण पाय काही नुसत्या उकाड्याने सुजले नव्हते. चौथा महिना संपत आला होता. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. बेंबीखाली काळसर रेघ उमटली होती आणि अठरा पायऱ्या चढल्या की धाप लागायची. अंगात रक्त वाढतंय, हृदयाला दुप्पट राबावं लागतंय, सगळं व्हायला हवं तसंच होतंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. एवान्थियाचा त्यावर विश्वास बसत नव्हता. दोनदा तिसऱ्यातच सगळं संपलं होतं. या खेपेला कुणाजवळ ब्रही काढायचा नाही, अशी तिने नवऱ्याला शपथ घातली होती. त्याच्या आईजवळ तर मुळीच नाही.

सासू, मिर्सिनी, खालच्या मजल्यावर राहायची. गेल्या वर्षी, दुसऱ्या वेळी, ती बोलून गेली होती, "हिच्या अंगात मूल टिकतच नाही." तेव्हापासून दोघींत अबोला होता.

आत्ता खालून सार्डिन मासे तळल्याचा वास येत होता. हल्ली नाक असं झालं होतं की बंदरावरची मासळीसुद्धा घरबसल्या कळायची. एवान्थियाच्या तोंडाला पाणी सुटलं. गर्भारणीच्या नाकाला वास गेला की बशी तिच्या दारी पोचलीच पाहिजे, नाहीतर पोटातल्याला बाधतं, असं बेटावर सगळेच मानतात. पण जिची बातमीच कुणाला नाही, तिला बशी कोण पाठवणार?

मधल्या पायरीवर फडक्याने झाकलेली बशी होतीच. तीन आठवडे हेच चाललं होतं. म्हातारी भटक्या मांजरांना खाऊ घालते आणि मुद्दाम माझ्या वाटेत ठेवते, या रागाने एवान्थिया रोज ती बशी अंगणातल्या बुटक्या भिंतीवर नेऊन ठेवायची.

आज वर्षभराचा अबोला तिनेच मोडला.

"ही बशी उचला इथून. मांजरं जिना घाण करतात."

"राहू दे. मांजरासाठीच आहे," खालून आवाज आला.

"कुठलं मांजर? मला तर एकही दिसत नाही."

"लाजरं आहे मेलं. कुणासमोर येत नाही."

स्वयंपाकघराचं दार लागलं. पायरीवर बसून एवान्थियाने फडकं बाजूला केलं आणि इकडेतिकडे बघत एक मासा तोंडात टाकला. त्यातला काटा काढलेला होता. दुसरा उचलला आणि तिचा हात थांबला. वर लिंबू पिळलेलं होतं.

मांजरासाठी लिंबू कोण पिळतं?

तिला रडू कोसळलं. रडत रडतच तिने बशी चाटूनपुसून खाल्ली. आजवर भिंतीवर नेऊन ठेवलेल्या सगळ्या बशांची तिला फार लाज वाटली.

बशी धुतली, पण ती रिकामी कशी परत करायची? म्हणून तिने तिच्यात दोन अंजिरं ठेवली आणि जपून जिना उतरली. मिर्सिनी चुलीकडे तोंड करून उभी होती.

"मांजराला आवडलं, आई," एवान्थिया म्हणाली. "मीठ तेवढं कमी होतं."

मिर्सिनीने मागे वळून पाहिलं नाही.

"कमीच बरं," ती म्हणाली. "पाय सुजलेत मांजराचे."