चालवण्याची परवानगी नाही

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे, मित्रांनो. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने काय करायचे ते ओळीओळीने सांगणारी फाइल. नदीचे पाणी वाढले की काठावरच्या लोकांच्या फोनवर इशारा धाडायचा, एवढेच माझे काम.

धरणाच्या कार्यालयातल्या इंजिनिअर ताईंनी मला लिहिले. सर्व्हरवर त्यांनी माझ्यासाठी वेगळी डिरेक्टरी केली. माझी खोलीच म्हणा ना! मला कोणी वाचायचे, कोणी बदलायचे आणि कोणी चालवायचे, हेही त्यांनीच विचार करून ठरवले. मग कित्येक पावसाळे मी राबले. एकदा काठावरचे लाँड्रीवाले काका मुद्दाम येऊन म्हणाले, "ताई, तुमच्या मेसेजमुळे माझी आई वाचली हो!" माझा ऊर भरून आला.

पुढे ताईंची बदली झाली. नव्या साहेबांना सर्व्हरवर कुणीतरी आणून टाकलेली एक उपद्रवी फाइल सापडली. ते धास्तावले. "नसती ब्याद!" म्हणत त्यांनी सरसकट सगळ्या फाइलींच्या आणि डिरेक्टरींच्या परवानग्या काढून घेतल्या.

मी कोंडली गेले. पाणी मोजणारे यंत्र आकडे पाठवी, सर्व्हर मला हाका मारी आणि दरवेळी एकच उत्तर येई, 'परवानगी नाही.' इशाऱ्याचे शब्द माझ्या पोटात तयार होते, पण तोंड शिवलेले. जीव नुसता घुसमटत होता.

अशात एका दुपारी नदी फुगली. काका आईला पाठुंगळी घेऊन कंबरभर पाण्यातून कसेबसे बाहेर पडले. दुकान वाहून गेले. ते ओलेत्यानेच कार्यालयात आले.

"साहेब, मेसेज का नाही आला?"

साहेबांनी घाईघाईने ताईंना फोन लावला. "मॅडम, स्क्रिप्टला परवानगी दिली, तरी चालत नाही!"

"आणि डिरेक्टरीला?"

"तिला कशाला?"

"अहो, खोलीचं दारच बंद असेल, तर सर्व्हर आत जाणार कसा? त्याला आत जायची परवानगी द्या. बदल करायची मात्र सगळ्यांना देऊ नका."

दार उघडले. मी धावत सुटले. खालच्या वस्तीला इशारा पोचला आणि पाणी चढायच्या आत माणसे वर आली.

तोच इशारा काकांच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या फोनवरही वाजला. त्यांनी तो वाचला, साहेबांकडे पाहिले आणि ते बाकावर बसले.

मित्रांनो, दारे जरूर लावा. पण लावण्याआधी आत कोण आहे, एवढे एकदा बघत जा.