शेषेरावची काळी पट्टी

माझा संशोधक विद्यार्थी शेषेराव कामात हुशार, लिहिण्यात महाआळशी. "भट्टीचं तापमान लिही, वेळ लिही," असं मी रोज ओरडायचे आणि तो "हाव मॅडम, लिहायलोय" म्हणत हसायचा. नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत त्यानं तांब्याची एक पट्टी तापवून काळी, खरबरीत केली होती. कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या पाण्यात ती बुडवून वीज दिली की इथिलीन निघायचं, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल. साध्या तांब्याच्या चौपट, सारी करामत त्या काळ्या थराची. दोनदा निघालं. तिसऱ्यांदा निघालं की शोधनिबंध त्याच्या नावानं जाणार होता.

तेवढ्यात सोळा सालच्या दुष्काळात पाणी संपलं आणि वसतिगृह बंद झालं. पट्टीला कुणी हात लावू नये म्हणून तो ती जळकोटला घरी घेऊन गेला. तिथं टँकरच्या रांगेत त्याला ऊन लागलं. दोन दिवसांत गेला. सव्वीस वर्षांचा होता.

वहीत तापमान नव्हतं, वेळही नव्हती. खोटं कशाला सांगू, गेलेल्या पोरावर मी चिडले आणि मग खूप रडले. आता उरली होती फक्त पट्टी. मी त्याच्या आईला फोन केला. "सरजामावशी, ती पट्टी लई मोलाची आहे. जपून आणा."

पंधरा दिवसांनी त्या जीपनं आल्या. पदराची गाठ सोडून पट्टी माझ्या हातावर ठेवली. लखलखीत.

"लई काळी पडली होती बाई. लेकराची वस्तू, तशी कशी आणू? चिंचेनं घासली. दोन तांबे पाणी गेलं, जाऊ द्या म्हटलं."

तेव्हा त्यांच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा. चूक माझी. जपून आणा म्हणाले, घासू नका म्हणाले नाही. आपल्याकडं तांबं जपायचं म्हणजे घासायचं, हे मला काय माहीत नव्हतं?

"चालंल न्हवं?" त्यांनी विचारलं.

काचेच्या भांड्यावरच्या एका डागासाठी पोरांना झापणारी मी म्हणाले, "चालंल की मावशी."

नाही चालली. निघाला तो नुसता हायड्रोजन. नव्या पट्ट्या वर्षभर तापवून पाहिल्या, एकीलाही जमलं नाही.

परवा मावशींचा फोन आला. "छापून आलं का वो पोराचं नाव?"

"अजून नाही, मावशी."

त्या हळूच म्हणाल्या, "चकाकी कमी पडली असंल तर धाडून द्या बाई. चिंच हाय घरात. परत घासून देते."